सरासरीचा नकाशा आणि टोकाचा नकाशा

१८१७ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी पॅरिसमध्ये एक नकाशा प्रसिद्ध केला. वार्षिक सरासरी तापमान सारखे असलेली ठिकाणे त्यांनी रेषांनी जोडली होती. विषुववृत्तापासून दूर जावे तशी थंडी वाढते हे ठाऊक होतेच, पण या रेषा अक्षांशांना समांतर धावत नव्हत्या. पश्चिम युरोपाजवळ त्या उत्तरेकडे चढत होत्या आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ दक्षिणेकडे उतरत होत्या. शाळेच्या भूगोलातल्या समताप रेषा त्या याच.

लिस्बन आणि बीजिंग जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. तरी जानेवारीत लिस्बनचे सरासरी तापमान ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि बीजिंगचे शून्याखाली जाते. एकाकडे समुद्रावरून वारे येतात, दुसऱ्याकडे सैबेरियातून. अशा गोष्टी सरासरीचा नकाशा फार सुंदर दाखवतो. मात्र सरासरी काढतानाच टोके पुसली जातात. सैबेरियातल्या वेर्खोयान्स्क या गावाने १८९२ साली उणे ६७.८ अंश अनुभवले आणि २० जून २०२० रोजी अधिक ३८ अंश. १०५ अंशांहून मोठा हा पल्ला तिथल्या वार्षिक सरासरीत कुठेच दिसत नाही.

मग टोकाचाही नकाशा काढावा, इतके ते सोपे आहे का? अडचण तिथेच सुरू होते.

हवामान केंद्रे एकमेकांपासून दूर असतात. मधल्या जागेचे तापमान कुणी मोजलेले नसते, ते अंदाजाने भरावे लागते. त्यासाठीची एक पद्धत खाणकामातून आली. दक्षिण आफ्रिकेचे अभियंते डॅनी क्रीग मोजक्या नमुन्यांवरून खाणीतल्या सोन्याचा अंदाज बांधत असत. फ्रान्सच्या जॉर्ज माथरों यांनी त्याला गणिती रूप दिले आणि क्रीग यांच्या नावावरून ती पद्धत ‘क्रिगिंग’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जवळच्या केंद्राला जास्त वजन, दूरच्याला कमी, हा तिचा गाभा. जोडीला उंचीचा हिशोब धरतात, कारण वर जाताना हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. सरासरीसाठी ही युक्ती उत्तम चालते. नेहमीपेक्षा महिना किती उबदार गेला, हा फरक तर शेकडो किलोमीटरपर्यंत साधारण सारखाच आढळतो.

टोके असा शेजारधर्म पाळत नाहीत. अमेरिकेच्या युटा राज्यात पीटर सिंक्स नावाचा वाडग्यासारखा खोलगट भाग आहे. निरभ्र, शांत रात्री जड थंड हवा उतारांवरून घरंगळत तळाशी साचते. १ फेब्रुवारी १९८५ रोजी तिथे उणे ५६.३ अंशांची नोंद झाली. अशा रात्री तळापेक्षा भोवतीचे कडे कितीतरी उबदार असतात, म्हणजे उंचीचा नियमच उलटा होतो. तळाशी तापमापी नसता, तर आजूबाजूच्या केंद्रांवरून हा आकडा कोणत्याही गणिताला सापडला नसता. शेजाऱ्यांची भारित सरासरी काढणारी पद्धत शिखरे छाटते आणि खड्डे बुजवते.

दुसरी अडचण एकेका नोंदीच्या वजनाची. तीस वर्षांच्या सरासरीत एखादी चूक विरघळून जाते. विक्रमात तीच सगळे काही ठरवते. लिबियातल्या अल् अझीझिया इथली १९२२ची ५८ अंशांची नोंद तब्बल ९० वर्षे जगातले सर्वोच्च तापमान म्हणून छापली जात होती. नवख्या निरीक्षकाने तापमापी चुकीची वाचली असावी, असे ठरवून जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली ती रद्द केली. उपग्रहांनी इराणमधल्या लूतच्या वाळवंटात ८० अंशांहून अधिक तापमान टिपले आहे, ते मात्र जमिनीच्या पृष्ठभागाचे. हवामान केंद्रात सावलीतल्या, झडपांच्या पेटीतल्या हवेचे तापमान मोजतात. हे दोन आकडे एका नकाशात मिसळणे चूकच.

म्हणून टोकासाठी वेगळे गणित वापरतात. रोनाल्ड फिशर आणि लिओनार्ड टिपेट या संख्याशास्त्रज्ञांनी १९२८ साली दाखवले की मोठ्या संचांतली कमाल मूल्ये संभाव्यतेच्या तीनच प्रकारच्या वक्रांकडे झुकतात. प्रत्येक वर्षाचे सर्वोच्च तापमान घेऊन असा वक्र बसवला, की एखाद्या वर्षी ज्याची शक्यता शंभरात एक आहे असे तापमान काढता येते आणि त्याचा नकाशा होतो. माझ्या मते असा नकाशा नोंदी किती वर्षांच्या आहेत हे सांगितल्याशिवाय छापूच नये. कॅनडाचा सर्वोच्च तापमानाचा विक्रम १९३७ पासून ४५ अंशांवर होता. २९ जून २०२१ रोजी लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी वणव्याने गावाचा बहुतेक भाग जाळला. आधीच्या नोंदींवर बेतलेल्या गणिताला हे तापमान जवळजवळ अशक्य वाटले असते.

दोन्ही नकाशे एकाच वेगाने बदलतही नाहीत. आयपीसीसी या हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २०२१च्या अहवालानुसार, मध्य अक्षांशांतल्या काही भागांत आणि निमशुष्क प्रदेशांत वर्षातला सर्वांत उष्ण दिवस जागतिक तापमानवाढीच्या दीड ते दोन पट वेगाने तापेल, तर आर्क्टिकमध्ये सर्वांत थंड दिवस सुमारे तिप्पट वेगाने उबदार होतील. निमशुष्क भागात याचे मोठे कारण जमिनीतच आहे. माती ओली असते तोवर उन्हाची बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल संपली की तीच ऊर्जा थेट हवा तापवते. त्यामुळे उन्हाळ्याआधी मातीत ओल किती उरली आहे, याचा नकाशा हाताशी असेल तर उष्णतेची लाट कुठे अधिक तीव्र होऊ शकते याचा अंदाज बांधायला मदत होते.