एक तार आणि खोडदच्या तबकड्या

नारायणगावहून खोडदकडे निघालं की द्राक्षबागांच्या मागून जाळीच्या अवाढव्य तबकड्या डोकावू लागतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या या तबकड्या. परदेशातली नोकरी सोडून परत यावं का, हा प्रश्न आपल्याकडे देशप्रेमाच्या अंगानेच चघळला जातो. या तबकड्यांची कुळकथा मात्र बरीच व्यवहाराची आहे.

१९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी, म्हणजे गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, इथल्या संस्थांना लिहिलं: आम्ही एकत्र परत यायला तयार आहोत. जानेवारी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) प्रमुख होमी भाभा यांची तार गेली. गट उभारायचं ठरलंय, पत्र मागाहून येतंय. माझ्या मते सगळी गोष्ट या तारेवर फिरली. यायला तयार असलेली माणसं तेव्हाही होती, आजही आहेत. इथून वेळेत उत्तर जाणं दुर्मीळ.

१९६३ मध्ये स्वरूप स्टॅनफर्ड सोडून मुंबईला टीआयएफआरमध्ये आले. हाताशी होत्या ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या, सहा फुटी ३२ तबकड्या. सिडनीत असताना त्या मिळवायची खटपट त्यांनीच केली होती, पण दिल्लीत येऊन त्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या. अखेर त्या कल्याणला उभ्या राहिल्या आणि १९६५ मध्ये सूर्याची निरीक्षणं सुरू झाली.

मग १९७० मध्ये उटी. तिथल्या अक्षांशाइतकाच, ११ अंशांचा उतार असलेली टेकडी हुडकून तिच्यावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बसवली. तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला, त्यामुळे एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातला स्रोत तासन्‌तास धरून ठेवता येतो.

मेनन आणि कुंडू काही वर्षं इथे राहून पुन्हा परदेशी गेले. तेही नोंदवायला हवं. जयंत नारळीकर केंब्रिजहून १९७२ मध्ये याच टीआयएफआरमध्ये आले आणि त्यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सुरू झाली.

खोडदला मोठ्या दुर्बिणीची वेळ आली तेव्हा ४५ मीटर व्यासाच्या भरीव तबकड्या परवडणाऱ्या नव्हत्या. मीटरभर लांबीच्या लहरींना भरीव पत्रा लागतही नाही. म्हणून ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी बांधली. वारा आरपार जातो, वजन उतरतं, खर्चही. अशा ३० तबकड्या आहेत: १४ खोडदजवळ दाटीने, उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या फाट्यांवर, शेताशेतांतून विखुरलेल्या.