पवित्र पदक (कोकण किनारा)

ख्रिस्ती भाविक गळ्यात, जपमाळेला किंवा लहान मुलाच्या कपड्याला लावतात ते धातूचे छोटे पदक. बोलण्यात ‘मेडल’. वसई, वांद्रे, रेवदंडा, कोर्लई या पट्ट्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतून ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असतात. हिंदू देव्हाऱ्यातल्या टाकाशी त्याची तुलना होते, पण टाक पूजेत बसतो, पदक अंगावर झिजते. त्यामुळे ओळखायला घेतलेल्या पदकावरचा चेहरा बहुधा आधीच गेलेला असतो.

सर्वांत जास्त फसगत सालाने होते. मरियामातेच्या पदकावर 1830 दिसले की घरातले लोक ते दोनशे वर्षांचे समजतात. वास्तविक पॅरिसमध्ये कॅथरीन लाबूरे या संन्यासिनीला त्या वर्षी दर्शन झाले, त्याची ती खूण आहे. पहिली पदके 1832 मध्ये पाडली गेली आणि 1830 हेच साल घेऊन ती आजही बनतात. पुढे मरियेच्या हातांतून निघणारे किरण, मागे ‘एम’ अक्षरावर क्रूस, खाली दोन हृदये आणि भोवती बारा तारे असतील, तर पदक याच जातीचे. मग साल सोडून काठावरच्या प्रार्थनेची भाषा पाहावी. फ्रेंच, पोर्तुगीज की इंग्रजी, यावरून ते कोणासाठी बनले याचा अंदाज येतो. संत बेनेडिक्टच्या पदकाचे आज सर्वत्र दिसणारे रूप 1880 चे, त्यांच्या जन्माच्या चौदाशेव्या वर्षानिमित्त काढलेले. त्यावरच्या अक्षरांना गुप्त लिपी समजून मोठी किंमत सांगणारे भेटतात. प्रत्यक्षात ती लॅटिन प्रार्थनेतल्या शब्दांची आद्याक्षरे आहेत.

संताची पदवीही कालमापक ठरते. फ्रान्सिस झेवियर 1622 मध्ये संत घोषित झाले. वसईत जन्मलेले आणि 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले गोन्सालो गार्सिया 1627 मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी), तर 1862 मध्ये संत झाले. त्यांच्या नावाआधी ‘संत’ असेल तर पदक 1862 च्या आधीचे सहसा नसते.

यानंतर कडी पाहावी. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अनेक पदकांची कडी पदकाच्या पातळीला काटकोनात असते आणि पदकासोबतच ओतलेली असते. नंतरच्या ठशाच्या पदकांना सपाट कान आणि त्यात वेगळी गोल कडी. तळाशी ‘रोमा’ असेल तर घडण रोमची. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, म्हणून अशी ओतीव पितळी-कांस्य पदके इथे मिळणे नवलाचे नाही. ॲल्युमिनियमचे पदक मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीआधीचे क्वचितच असते, कारण हा धातू स्वस्त झाला तो 1886 च्या शोधानंतर.

चांदी की जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला तांब्याचा मिश्रधातू), हे कसोटीवर न घासताही कळते. सोनाराच्या बारीक काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि पदक दोऱ्याने पाण्यात बुडेल असे, पण तळाला न टेकता धरावे. कोरडे वजन 4.20 ग्रॅम आणि काटा 0.40 दाखवत असेल, तर भागाकार 10.5, म्हणजे चांदी. 0.50 दाखवला तर 8.4, म्हणजे जर्मन सिल्व्हर किंवा पितळेच्या जातीचे.

सोनार मोल करतो ते वजनावर, संग्राहक दुर्मीळता आणि अक्षरांच्या स्पष्टतेवर. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातली बहुतेक पदके यंत्रावर ढिगाने पाडलेली, त्यामुळे त्यांना बाजारात फारसे मोल नाही. घराण्याची माहिती, जुना फोटो किंवा बाप्तिस्म्याची नोंद सोबत असेल तर भाव चढतो. आशीर्वादित म्हणून जास्त पैसे मागणे चर्चला मान्य नाही.

शंभर वर्षांहून जुने पदक 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. तसे ठरल्यास खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडल्यास 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. वसईचा किल्ला तर संरक्षित स्मारकच आहे, तिथली माती उकरू नये.

खाऱ्या हवेने कांस्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. ती चिंच किंवा राखेने घासली की भुकटीबरोबर अक्षरेही जातात. मऊ ब्रशने झाडून पदक कोरड्या डबीत ठेवावे आणि कडीतला जुना काळा दोरा तसाच राहू द्यावा.