धावपट्टीवरचा ३२ म्हणजे बत्तीस धावपट्ट्या नव्हेत

सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर ३२ लिहिलंय, म्हणजे नागपुरात बत्तीस धावपट्ट्या आहेत, असा फॉरवर्ड फिरत असतो. आकडा पाहून तसं वाटणं साहजिकच आहे. पण १४ आणि ३२ ही एकाच धावपट्टीची दोन टोकं. आकडा दिशा सांगतो: चुंबकीय उत्तरेपासूनचे अंश दहाच्या पटीत घ्यायचे, शेवटचं शून्य सोडायचं. १४० चे १४, ३२० चे ३२. फरक नेहमी १८, कारण उलट दिशा १८० अंशांवर.

उपग्रह नकाशा मोठा करून बघा. १४ वायव्य टोकाला दिसेल. तिथे उतरणारं विमान आग्नेयेकडे धावतं. मेटार या हवामान अहवालात ‘३२००८केटी’ असेल तर वारा ३२० अंशांकडून, ८ नॉट वेगाने येतोय. विमानं शक्यतो वाऱ्याला सामोरी उतरतात, म्हणून तेव्हा सहसा ३२ वापरतात.