अर्थिंगची खरी परीक्षा मे महिन्यात
घरे, देवळे, हॉटेले आणि बागायतदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिल्या वळवाच्या पावसात टीव्ही किंवा इन्व्हर्टर जळाला की आम्हाला फोन येऊ लागतात. तोवर जमीन भिजलेली असते, आणि भिजलेल्या जमिनीत जवळजवळ प्रत्येक अर्थिंग चांगले रीडिंग दाखवते. हे रीडिंग म्हणजे करंट जमिनीत जाताना होणारा अडथळा, ओहममध्ये मोजलेला; जितका कमी तितका चांगला. म्हणून आमचा आग्रह असा, की तपासणी एप्रिल-मेमध्ये, जमीन तापून कोरडी पडलेली असताना करून घ्या. गोव्यात विजांचा कडकडाट मुख्यतः वळवात आणि पाऊस परतताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो. म्हणजे वर्षातली पहिली वीज पडते, तेव्हा तुमचे अर्थिंग सगळ्यांत कमजोर अवस्थेत असते.

याचे कारण आपला जांभा. पर्वरी, वेर्णा, मोपा इथल्या सड्यांवर वरचा मातीचा थर पातळ, खाली चिऱ्याचा कातळ. पावसात तो पाणी धरतो, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो, आणि कोरडा कातळ करंट जमिनीत जिरू देत नाही. खाजनालगतच्या घरांचे उलटे असते. तिथे ओल आणि खारेपणामुळे रीडिंग उत्तम येते, पण तोच खारेपणा जमिनीत पुरलेला जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) काही वर्षांत खाऊन टाकतो. सड्यावरच्या आणि खाजनाकाठच्या घराला अर्थिंगचा एकच खड्डा, त्यात भरायला एकच मीठ-कोळसा असा हिशेब आम्हाला मान्य नाही. मिठाने रीडिंग उतरते हे खरे, पण ते पावसाबरोबर वाहून जाते आणि राहते तोवर लोखंड गंजवते. कातळात आम्ही खोल बोअर मारून बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकणमाती, भरणे पसंत करतो.

आम्ही मोजतो कसे

आधी टेस्ट लिंक उघडतो. वरून आलेली पट्टी आणि जमिनीतला इलेक्ट्रोड यांना जोडणारा हा बोल्टचा सांधा. तो न उघडता घेतलेले रीडिंग एका खड्ड्याचे नसून एकमेकांना जोडलेल्या सगळ्या खड्ड्यांचे मिळून असते, आणि मेलेला खड्डा त्यात लपून राहतो. समुद्राकाठी हा सांधा जरूर बघा. तांब्याच्या पट्टीवर हिरवा थर चढलेला असतो, आणि ती थेट जीआय पाइपला आवळली असेल तर त्या जागी पाइपचे जस्त पहिले जाते, मग लोखंड. बाहेरून नट घट्ट, आत नुसता गंज. अशा ठिकाणी दोन धातूंना जोडणारा बायमेटल क्लॅम्पच हवा.

अर्थ जोडलेली उपकरणे त्या वेळी चालू राहू नयेत, म्हणून लिंक उघडण्याआधी मेन स्विच बंद करतो. मग अर्थ टेस्टर लावतो. करंटची खुंटी इलेक्ट्रोडपासून साधारण 40 मीटरवर आणि व्होल्टेजची खुंटी त्याच रेषेत 62 टक्के अंतरावर, म्हणजे 25 मीटरच्या आसपास. मधली खुंटी थोडी पुढे-मागे सरकवूनही आकडा फारसा बदलत नसेल, तरच तो खरा. सड्यावर खुंटी ठोकताच येत नाही. तिथे पाण्यात भिजवलेले गोणपाट कातळावर पसरून त्यावर धातूची प्लेट ठेवतो.

विजेपासून संरक्षणाच्या अर्थिंगसाठी 10 ओहमपर्यंतचा आकडा सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. पण हाच आकडा घरातल्या शॉकपासून वाचायला पुरतो का? हिशेब करून बघा. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पंपाच्या बॉडीला फेज लागली आणि परतीची वाट फक्त 10 ओहमच्या खड्ड्यातून असेल, तर 230 व्होल्टला जेमतेम 23 अँपिअर वाहतील. जास्त करंट वाहिला की वीज तोडणारी 32 अँपिअरची एमसीबी त्याला पडणार नाही. पंप ओल्या जमिनीवर, हात लावणारा माणूस अनवाणी. म्हणून जमिनीत गळणारा थोडासा करंटही ओळखून वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लावल्याशिवाय आम्ही असे काम पूर्ण झाले म्हणत नाही.

आरसीसीबीवरचे टी बटण दाबून ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक, असे अनेकजण मानतात. तसे नाही. ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासते. अर्थची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर ती पडेलच. बटण महिन्या-दोन महिन्यांनी जरूर दाबा, पण अर्थिंग मीटरनेच मोजावे लागते.

लायटनिंग अरेस्टर असलेल्या इमारती

लायटनिंग अरेस्टर म्हणजे पडणारी वीज झेलून पट्टीवाटे जमिनीत नेणारी छतावरची सोय. विजेच्या एका झटक्यात 30 हजार अँपिअर करंट ही नेहमीची गोष्ट. 10 ओहममधून तो गेला, तर त्या क्षणापुरते अर्थचेच व्होल्टेज 3 लाखांच्या घरात चढते. म्हणूनच ‘अरेस्टरचा खड्डा वेगळा ठेवा, घराच्या अर्थला जोडू नका’ हा सल्ला धोक्याचा आहे. दोन अर्थ वेगळे राहिले की त्यांच्यातल्या फरकामुळे ठिणगी उडते ती टाकीच्या पाइपवर, सोलरच्या रेल्सवर किंवा घरातल्या वायरिंगवर. आयएस/आयईसी 62305 हे मानक दोन्ही अर्थ एकत्र जोडायला सांगते, आणि मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइसही (अचानक चढलेले व्होल्टेज अर्थकडे वळवणारे उपकरण) हवेच.

देवस्थान समित्यांना खास विनंती. शिखरावरचा कळस अरेस्टरच्या पट्टीला जोडलेला असतो, पण नंतर बसवलेले लाउडस्पीकर आणि सीसीटीव्हीच्या केबल खाली येणाऱ्या पट्टीला चिकटवून ओढलेल्या असतात. त्या आधी बाजूला घ्या. पट्टी शक्यतो सरळ उतरावी, तीव्र वळणे नकोत, आणि जमिनीत जाणाऱ्या वाटा किमान दोन असाव्यात. मोठ्या त्रिज्येचे संरक्षण देतो म्हणून विकल्या जाणाऱ्या अरेस्टरच्या महागड्या टोकांचा दावा 62305 हे मानक धरत नाही. जत्रेच्या काळात पट्टीच्या पायथ्याशी लोक उभे राहू नयेत अशी कुंपणाची सोयही करा.

वीज पडल्याचे कळले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता बोलवा. एरवी किनाऱ्यालगत दरवर्षी, आतल्या तालुक्यांत निदान दोन वर्षांनी तपासणी करावी. अहवालात प्रत्येक खड्ड्याचे रीडिंग वेगळे, मोजणीची पद्धत, तारीख, जमीन ओली होती की कोरडी, आणि मीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख लिहून देतो. दुसऱ्या कोणाकडून तपासणी करून घेतलीत तरी एवढे मागून घ्याच.

आम्ही येण्याआधी खड्ड्यांवरची फरशी, कुंड्या हलवून ठेवा, जुना अहवाल असेल तर काढून ठेवा आणि इन्व्हर्टर कुठे आहे ते दाखवा, कारण मेन बंद केल्यावरही तो वीज देत राहतो. गडगडाट ऐकू आला, तर आम्ही खुंट्या काढून काम थांबवतो आणि वेगळे पैसे न घेता दुसऱ्या दिवशी येतो.