पिकअप ट्रकमधील कंपनाचे निदान

पिकअप ट्रक चालवताना विशिष्ट वेगाला, भाराला किंवा इंजिनाच्या फेऱ्यांना जाणवणाऱ्या थरथरीचे मूळ शोधून काढण्याची पद्धत. थरथर जिथे जाणवते तिथेच बिघाड असतो असे नाही, कारण चेसिसमधून ती दूरवर पोहोचते. अंदाजाने सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि दोष राहतो. म्हणून ती कशाच्या तालावर येते, हे आधी पाहावे.

पहिली चाचणी रस्त्यावरची. मोकळ्या, सरळ रस्त्यावर थरथर येते त्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडून गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. थरथर तशीच राहिली, तर चाके, ॲक्सल किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जोर पोहोचवणारा लांब दांडा) तपासावा. थांबली, तर इंजिन, त्याचे माउंटिंग किंवा जोर आल्यावरच हलणारा एखादा जोड संशयित ठरतो. उभ्या गाडीत इंजिनाला तेवढेच फेरे दिल्यावर ती परत आली, तर दोष इंजिनाच्या बाजूचा.

पुढे साधे गणित उपयोगी पडते. ७५ सेंमी. व्यासाचे चाक ताशी १०० किमी. वेगाला सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरते. डिफरन्शियलचे (ॲक्सलमधील दातेरी चाकांच्या संचाचे) गुणोत्तर ४ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे चार फेरे होत असतील, तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४७ फेरे घेतो. मोबाइलमधील कंपनमापक ॲपने मोजलेला सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा आकडा यांपैकी कशाशी जुळतो ते पाहावे. मात्र गिअरबॉक्स थेट गिअरमध्ये असेल, तर इंजिन व शाफ्ट एकाच गतीने फिरतात आणि आकडा फसवतो. अशा वेळी वेग तोच ठेवून एक गिअर खाली यावे. आकडा बदलला नाही, तर दोष शाफ्टचा.

चाकांचे दोष तुलनेने लवकर सापडतात : पडलेले बॅलन्सिंगचे वजन, रिममध्ये साचलेला चिखल, वाकलेली रिम, टायरला आलेला फुगा. स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाके, सीट हलत असेल तर मागची बाजू. केवळ ब्रेक दाबल्यावर थरथर आली, तर डिस्क किंवा ड्रम पाहावा.

पिकअपमध्ये खरी कसोटी लागते ती लांब प्रोपेलर शाफ्टवर. त्याच्या टोकांना असणारा क्रॉसचा जोड रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांच्या नावानेही ओळखला जातो. हा जोड कोनात फिरताना शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि शाफ्टवरचे दोन्ही काटे (क्रॉसला धरणारी दुबेळकी टोके) एका पातळीत असले, की हा चढउतार एकमेकांत जिरतो. कोन अगदी शून्य असूनही चालत नाही. क्रॉसमधील सुईबेअरिंग हलत नाहीत आणि एकाच जागी झिजतात. गाडी उंच केली, स्प्रिंगचे पाटे बदलले किंवा ते बसले, की कोन बिघडतात. भार घेऊन निघताना कमी वेगाला येणारा हादरा अनेकदा यातूनच येतो. दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगचे (शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगचे) फाटलेले रबरही तसाच हादरा देते.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या चकतीवर) व स्प्लाइनवर (एकमेकांत सरकणाऱ्या दातेरी भागावर) खुणा कराव्यात. सरकता भाग चुकीच्या दात्यावर बसला, तर काट्यांची पातळी चुकते आणि दुरुस्तीनंतर नवीच थरथर सुरू होते.