दुर्बिणीचं ऑपरेशन आणि ‘ईरास’: गल्लत कुठे होते?

“दुर्बिणीतून आहे, म्हणजे दोन दिवसांत घरी,” असं म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे पोटाला साधारण अर्धा ते सव्वा सेंटिमीटरची छिद्रं पाडून, कॅमेऱ्यावर बघत केलेलं ऑपरेशन. ‘ईरास’ (ERAS, म्हणजे Enhanced Recovery After Surgery) हा रुग्ण लवकर सावरावा म्हणून आखलेला कार्यक्रम. तो ऑपरेशनच्या आधीच सुरू होतो आणि त्यात सर्जनइतकाच भूलतज्ज्ञ, नर्स, आहारतज्ज्ञ यांचा वाटा असतो. चीर मोठी असली तरी तो राबवता येतो.

छिद्रं लहान असली की दुखणं कमी, जखमेत पू होण्याची भीतीही कमी. पण रुग्णाला मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, नंतर सलाईनवर सलाईन, नाकात नळी, दुखलं की मॉर्फिन, आणि गॅस सरेपर्यंत तोंडाने काही नाही, असं चाललं तर? जादा सलाईनने आतड्यांना सूज येते, मॉर्फिनने ती मंदावतात. टाके इवलेसे, आणि माणूस मात्र खाटेवरच.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990च्या दशकात नेमकं हेच तपासायला घेतलं: रुग्णाला खाटेवर अडकवतं काय? त्यातून आलेले, ‘ईरास’चा गाभा असलेले बदल साधे वाटतात. बहुतेकांना भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं. सलाईन मोजून, नळ्या गरजेपुरत्याच. वेदनेसाठी वेगवेगळी औषधं जोडून मॉर्फिन कमी करायचं. शक्य तर त्याच दिवशी खुर्चीत बसवायचं, थोडं खायला द्यायचं. माझ्या मते यात सर्वांत अवघड आहे ते वॉर्डातली जुनी सवय मोडणं.

दुर्बीण आणि ‘ईरास’सारखा वेगवान कार्यक्रम या दोन्हींची सांगड किती उपयोगी, हे नेदरलँड्समधल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील ‘लाफा’ चाचणीत दिसलं. निकाल 2011 साली आले. दुर्बीण आणि वेगवान कार्यक्रम एकत्र असलेल्या गटाचा रुग्णालयातला मध्यक मुक्काम 5 दिवसांचा, नुसत्या दुर्बिणीचा 6 आणि मोठ्या चिरेच्या दोन्ही गटांचा (कार्यक्रम असलेल्या आणि नसलेल्या) 7.

दुर्बीण प्रत्येकाला जमेलच असं नाही. चिकटलेली आतडी किंवा रक्तस्राव यांमुळे चीर घ्यावी लागते. म्हणून सर्जनना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: ऑपरेशन कसं करणार? आणि आधी-नंतर खाणं, चालणं, वेदना यांचं नियोजन काय? घरी गेल्यावर ताप, वाढतं दुखणं किंवा उलट्या झाल्या तर रात्री कुणाला फोन करायचा, तेही डिस्चार्जआधीच लिहून घ्या.