डेक्साचं इंजेक्शन, पुराव्यांचे आढावे आणि पूर्व विदर्भ : पार्श्वभूमी

दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या बाईला रेफर करण्यापूर्वी डेक्साचं, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं, इंजेक्शन द्यायचं की नाही, या प्रश्नाचं उत्तर 2014 ते 2022 या काळात दोनदा बदललं. उपकेंद्रावरच्या सिस्टरला ते चंचलपणासारखं वाटतं. "वरचे लोक आज हे सांगतात, उद्या ते," हे वाक्य प्रशिक्षणात मी अनेकदा ऐकलं आहे. उत्तर का बदललं, हे समजून घ्यायला पुराव्यांच्या आढाव्यांचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासात आपला भाग दोनदा येतो, एकदा गडचिरोलीच्या रूपाने आणि एकदा नागपूरच्या.

आढावा म्हणजे कोणी वाचलेल्या चार लेखांचा सारांश नव्हे. पद्धतशीर आढाव्यात प्रश्न आधी ठरवतात, मग त्यावर झालेल्या सगळ्या चाचण्या शोधतात. सोयीच्या शोधतात तशा गैरसोयीच्याही. प्रत्येकीचा कच्चेपणा तपासतात आणि उरलेल्यांचे आकडे एकत्र तोलतात. कोणती चाचणी का घेतली आणि का सोडली, हेही लिहून ठेवतात.

या कहाणीची सुरुवात 1972 मध्ये होते. त्या वर्षी न्यूझीलंडमधून एक चाचणी प्रसिद्ध झाली. मेंढीच्या गर्भावर काम करताना एका डॉक्टरच्या लक्षात आलं होतं, की स्टेरॉइड मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा जास्त तयार असतात. मग 282 गर्भवतींवर चाचणी झाली आणि बाळांचा श्वसनाचा त्रास कमी झालेला दिसला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये एका साथरोगतज्ज्ञाचं छोटं पुस्तक आलं. कोणता उपचार खरोखर उपयोगी आहे हे चाचणी घेऊन ठरवा, असा त्याचा आग्रह होता. 1979 मध्ये त्याने आपल्याच व्यवसायाला दोष दिला : प्रत्येक शाखेतल्या चाचण्यांचा वेळोवेळी एकत्रित हिशेब मांडण्याची व्यवस्थाच डॉक्टरांनी केलेली नाही.

स्टेरॉइडच्या बाबतीत हा दोष बाळांना भोवला. एकामागून एक चाचण्या होत गेल्या, सुट्या सुट्या वाचल्या गेल्या, आणि प्रसूतितज्ज्ञ वाट पाहत राहिले. पहिला पद्धतशीर आढावा 1990 च्या सुमारास आला. वर्षानुवर्षं हाताशी असलेला फायदा एकत्र मांडल्यावर स्पष्ट दिसला. 1993 मध्ये असे आढावे करणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. तिच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा म्हणजे याच उपचाराच्या चाचण्या आहेत. म्हणजे आढाव्यांच्या चळवळीने स्वतःची ओळख म्हणून जे उदाहरण निवडलं, तेच पुढे आपल्या गावांत येऊन अडलं.

त्याच 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दुसरं काम सुरू झालं होतं. एका स्थानिक संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब देणं, श्वास अडकलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. तुलनेला 47 गावं होती. 1999 मध्ये निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला होता. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईच्या हातात इंजेक्शन देण्यावर तेव्हा मोठी टीका झाली. पण एकट्या गडचिरोलीच्या जोरावर देशाचं धोरण बदललं नाही. उत्तर प्रदेश, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या चाचण्या आल्या, त्यांचे एकत्रित आढावे झाले, 2009 मध्ये घरभेटींची जागतिक शिफारस आली आणि 2011 मध्ये आशांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशा वजनकाटा घेऊन दारात येते, त्यामागे ही साखळी आहे. इंजेक्शन देणारा भाग मात्र त्या कार्यक्रमात जसाच्या तसा आला नाही. ही गाळणी मला आजही पटत नाही.

आता 2014 कडे. त्या वर्षी केंद्र सरकारच्या सूचना आल्या. 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान अकाली कळा सुरू झाल्या, तर एएनएमने, म्हणजे उपकेंद्रावरच्या सिस्टरने, डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन पुढे रेफर करावं. पूर्ण कोर्स चार डोसचा, बारा तासांच्या अंतराने 6 मिलिग्रॅम. बाजू भक्कम होती. 2006 च्या अद्ययावत आढाव्यात 21 चाचण्या होत्या आणि नवजात मृत्यू सुमारे 31 टक्क्यांनी कमी दिसत होते. औषध स्वस्त आणि साध्या तापमानात टिकणारं. शिवाय फायदा मिळायला वेळ लागतो. उपकेंद्रावरून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, तिथून नागपूरचं मेडिकल, असा प्रवास करणाऱ्या बाईचे ते तास वाया का घालवायचे, हा सवाल रास्तच होता.

फक्त त्या 21 चाचण्या जवळजवळ सगळ्या रुग्णालयांतल्या होत्या, आणि बहुतेक श्रीमंत देशांतल्या. तिथे आठवडे नक्की माहीत होते आणि जन्मलेल्या बाळासाठी शेजारच्या खोलीत अतिदक्षता विभाग होता.

सूचना निघाल्या त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात एका मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर झाला. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत. भारतातली ठिकाणं दोन, बेळगाव आणि नागपूर. 2011 ते 2014 या काळात सुमारे एक लाख जन्म मोजले गेले. अर्ध्या भागांत आरोग्य कर्मचाऱ्यांना अकाली प्रसूती ओळखून स्टेरॉइड द्यायला शिकवलं, उरलेल्या भागांत नेहमीची सेवा. इंजेक्शन पोचलं. सर्वांत लहान बाळांच्या आयांपैकी 45 टक्क्यांना ते मिळालं, दुसऱ्या बाजूला 10 टक्क्यांना. पण त्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. आणि सगळी बाळं मिळून पाहिलं, तर नवजात मृत्यू वाढलेले निघाले : हजारी 23.9 च्या जागी 27.4. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही जास्त दिसला.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवावा लागतो, कारण सगळा वाद त्यातच अडकला आहे. चाचणीने 'सर्वांत लहान बाळ' असं म्हटलं. 'अकाली बाळ' असं म्हटलं नाही. त्या गावांत आठवडे खात्रीने मोजता येत नव्हते, म्हणून जन्मवजनाच्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांतली बाळं, असं मोजमाप घेतलं गेलं. पण कमी दिवसांचं बाळ वेगळं आणि कमी वजनाचं बाळ वेगळं. पहिल्याची फुप्फुसं कच्ची असतात, त्याला स्टेरॉइड उपयोगी. दुसरं पूर्ण नऊ महिन्यांचं असू शकतं, आईच्या रक्तात लोह नाही, पोटात अन्न नाही म्हणून दोन किलोवर अडलेलं. त्याला हे इंजेक्शन काही देत नाही. आपल्याकडे दोघांनाही 'कमजोर' म्हणतात, आणि आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची बाळं फार. ज्या बायांना इंजेक्शन मिळालं, त्यातल्या बहुतेकींची बाळं त्या पाच टक्क्यांत नव्हतीच.

हे कसं घडतं ते उपकेंद्रावर बसून दिसतं. भंडाऱ्याकडच्या एका उपकेंद्रात सिस्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारत होती. पहिली बाई म्हणाली, "महालक्ष्म्या बसल्या तव्हा मी बाजूला होती जी, नैवेद्याले हात लावू देल्ला नाही." सिस्टरने भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं मागे उलटली आणि तारीख लिहिली. ती तारीख सोनोग्राफीइतकी पक्की मानायला माझी हरकत नाही, कारण त्या दिवशीची अडचण बाई विसरत नाही. दुसरी म्हणाली, "रोवणी चालू होती तव्हा कव्हातरी." धानाची रोवणी महिना-सव्वा महिना चालते. म्हणजे 30 आठवडे की 35, हे कोणालाच सांगता येणार नाही. मग पोटावर टेप लावायची. त्या चाचणीतही पाळीची तारीख माहीत नसेल तेव्हा गर्भाशयाची उंची मोजायला रंगीत पट्ट्यांची टेप होती. पण बाळ वाढीत मागे असेल तर उंचीही कमी भरते, आणि टेप दिवस भरत आलेल्या बाईलाही कमी आठवड्यांच्या रंगात बसवते. सिस्टर चुकत नाही, टेप तेवढंच सांगू शकते.

या निकालानंतर दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, आधीच्या आढाव्याचा फायदा सिद्ध आहे, अंमलबजावणी सुधारा. दुसऱ्याचं म्हणणं, गावपातळीवर थांबवा. मला दुसरी बाजू जास्त प्रामाणिक वाटते. हजारी साडेतीन जास्त मृत्यू हा अंमलबजावणीचा तपशील नसतो, ती बाळं असतात. आढाव्यातल्या चाचण्या ज्या परिस्थितीत झाल्या, ती परिस्थिती नसेल तर आढाव्याचं उत्तर उचलून आणता येत नाही. 2015 च्या जागतिक शिफारशीत हेच अटींच्या रूपात आलं : आठवडे खात्रीचे हवेत, प्रसूती जवळ आलेली हवी, आईला जंतुसंसर्ग नको, बाळंतपणाची नीट सोय हवी, आणि अकाली बाळाला सांभाळण्याची सोय हवी. सूचनांचे कागद मात्र लगेच बदलले जात नाहीत. पाचही अटी न सांगता नुसता डोस शिकवणारी प्रशिक्षणं मी त्यानंतरही पाहिली आहेत.

शंका मग उलट दिशेने गेली. गरीब देशांत रुग्णालयातही हे औषध चालतं का? त्यासाठी बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या 29 रुग्णालयांत 2852 बायांवर चाचणी झाली. आठवडे सोनोग्राफीने ठरवलेले, 26 ते 33. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. 2020 मध्ये निकाल आला : स्टेरॉइड मिळालेल्या गटात 19.6 टक्के नवजात बाळं दगावली, न मिळालेल्या गटात 23.5 टक्के. त्याच वर्षीच्या अद्ययावत आढाव्यात 27 चाचण्या झाल्या होत्या. 2022 च्या शिफारशीत इंजेक्शन ठामपणे परत आलं, अटींसकट. उपचार 1972 चाच आहे. बदललं ते कोणाला, कुठे आणि कशाच्या आधारावर द्यायचं, याचं उत्तर.

भारतात हे आढावे कोणालाही फुकट वाचता यावेत म्हणून 2007 मध्ये देशपातळीवर वर्गणी भरली गेली. त्याचा उपयोग शहरातल्या महाविद्यालयांना झाला. ते इंग्रजी पान उपकेंद्रापर्यंत मराठीत उतरवण्याचं काम आजही कोणा एकाकडे सोपवलेलं नाही.

पाच अटी नकाशावर ठेवून पाहिल्या, तर पूर्व विदर्भाचे दोन भाग पडतात. नागपूरच्या आसपासच्या तालुक्यांत पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मिळते, आठवडे खात्रीने लिहिले जातात, नवजात कक्षापर्यंत गाडी वेळेत पोचते. तिथे उशीर न करता इंजेक्शन द्यायला हवं. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच तुटतो. अशा दिवसांत अकाली कळा सुरू झालेल्या बाईसाठी पहिली अटही अवघड असते आणि पाचवीही. तिथल्या बायांना बाळंतपणाच्या आधीच नदीच्या अलीकडे आणून ठेवण्याची माहेरघरासारखी सोय आहे. तिचा हिशेब स्टेरॉइडच्या कोणत्याही आढाव्यात येत नाही.